वरचा मजला गार होत नाही

१४ मे

दादा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. ही गेल्यानंतर मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. सात महिने झाले. लिहायला हवं होतं, राहून गेलं.

कामाचं सांगतो. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः उभं राहून या घरात दोन्ही मजल्यांना मिळून एकच एसी बसवलात. त्याने यंदा वरचा मजला गार होत नाही. खाली ठीक आहे. जिना चढायला लागलं की दहाव्या पायरीपासून हवा बदलते. काल दुपारी तीन वाजता वरच्या मोठ्या खोलीत तेहेतीस अंश होते, मधल्या खोलीत तेहेतीस, मागच्या लहान खोलीत चौतीस. खाली हॉलमध्ये थर्मोस्टॅटवर चोवीस लावलेलं आहे आणि तो चोवीसच दाखवतो. स्वयंपाकघर थोडं गरम वाटतं, पण तिथे शेगडी असते.

गेल्या उन्हाळ्यात वर कोणी राहत नव्हतं. हिचं आजारपण खालीच झालं. त्यामुळे बिघाड यंदाचा की आधीचा, ते मला सांगता येत नाही.

घाई अशासाठी की तुमच्या भाचीची बदली इथल्या हॉस्पिटलात झाली आहे. एक जुलैला तिला हजर व्हायचं आहे. जावई घरूनच काम करतात, तेव्हा त्यांची अडचण नाही. दोन्ही मुलांना घेऊन वरच्या तीन खोल्यांत राहायचं, असं ठरत होतं. मी तिला वरच्या उकाड्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मग आम्ही नदीपलीकडे फ्लॅट बघतो, बाबा. धाकट्याला उकाड्याने लगेच पुरळ येतं." तिने एक बघितलाही आहे. पंधरा जूनपर्यंत फ्लॅटवाल्यांना हो की नाही ते कळवायचं आहे. नदीपलीकडे म्हणजे इथून गाडीने पाऊण तास.

सोबत घराचा नकाशा जोडला आहे, दोन्ही मजल्यांचा. हवा येण्याच्या जाळ्या, हवा नेणारे डक्ट आणि थर्मोस्टॅट लाल शाईने दाखवले आहेत. मोजमापांबद्दल शंका नको. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं हेच केलं.

वहिनींना नमस्कार.

तुमचा मेहुणा

१८ मे

भाऊजी,

पाकिटावरचं तुमचं अक्षर बघून मी आधी दचकलो. म्हटलं, या माणसाने आपणहून पत्र लिहिलं म्हणजे घराला आग तरी लागली असणार. आत बघतो तर उकाडा. बरं वाटलं.

सात महिन्यांचं म्हणाल तर मीही कुठे लिहिलं? अडतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी काढली. कान गेले, पण हात शाबूत आहेत. तेव्हा दोघेही सारखेच. तो विषय संपला.

तुमचा नकाशा मी भिंतीवर लावला आहे. बायको म्हणाली, "आपल्या लग्नाचा फोटो काढून हे काय लावलंत?" मी म्हटलं, "यात निदान मापं तरी बरोबर आहेत." दोन दिवस बोलत नव्हती. मला तसंही ऐकू येत नाही, पण तोंड हलत नव्हतं एवढं दिसलं.

आता कामाचं. एका वेळी एकच गोष्ट करायची. पाच गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि मग माणूस जन्मभर पाचही करत बसतो.

पहिलं, फिल्टर काढा. शेवटचा कधी धुतला होता ते मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका. दुसरं, बाहेरच्या युनिटभोवती वेल, पाला, काय असेल ते काढा आणि पत्र्यांवरून पाणी सोडा. जोर नको, झाडाला घालतो तसं. तिसरं, मशीन चालू असताना वरच्या जाळीसमोर हात धरा. वारा येतो का? थंड येतो का? तुमचा तो थर्मामीटर जाळीला लावा आणि आकडा कळवा.

पंधरा जून अजून लांब आहे. माझं मशीन नऊ वर्षांत असं रुसणार नाही. काहीतरी साधंच निघेल, लिहून ठेवा.

तुमचा बहिरा मेहुणा

२५ मे

दादा,

तिन्ही गोष्टी केल्या, वेगवेगळ्या दिवशी.

फिल्टर काळा झाला होता. शेवटचा कधी धुतला ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, हिनेच धुतला होता. माझ्या लक्षातच नव्हतं की तो धुवायचा असतो. तीन पाण्यांनी धुतला. खालच्या वाऱ्यात फरक पडला, वर अंशभरही नाही. बाहेरच्या युनिटमागून अर्धं पोतं पाला निघाला. वर फरक नाही.

तिसऱ्याचं मला नवल वाटलं. मशीन चालू झालं की वरच्या तिन्ही जाळ्यांतून चांगला वारा येतो आणि तो थंड असतो. मोठ्या खोलीच्या जाळीशी चौदा अंश भरले. म्हणजे येणारी हवा चौदा अंशांची आणि खोली तेहेतीस अंशांची. हे माझ्या समजुतीपलीकडचं आहे.

दरम्यान लेकीने परस्पर इथल्या एका मेकॅनिकला पाठवलं. तरुण मनुष्य, बोलायला चटपटीत. बूट काढताकाढताच निदान सांगायला लागला.

"काका, गरम हवा वर जाते. शाळेत शिकला असाल."

"शिकलो. पण आठ वर्षं वर गार होत होतं."

"तेव्हा ऊन कमी होतं. आता वरच्यासाठी वेगळं मशीन लावा, दोन दिवसांत लावून देतो." मग म्हणाला, "थर्मोस्टॅट बघू या का एकदा?"

मी म्हटलं, तो नीट आहे. त्याने पुन्हा विचारलं नाही.

रात्री लेकीचा फोन आला. "काय म्हणाला तो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, राहू दे. तुम्ही उगाच त्रास करून घेऊ नका. आम्ही दर रविवारी येऊच ना." मी म्हटलं, पंधरा तारखेला अजून वेळ आहे.

वेगळं मशीन लावावं का? तुम्ही म्हणाल तसं.

तुमचा मेहुणा

२९ मे

भाऊजी,

दुसरं मशीन लावलंत तर आपलं नातं संपलं.

त्या पोराला सांगा, गरम हवा वर जाते हे मला माहीत होतं म्हणूनच वरचे डक्ट मी खालच्यापेक्षा दोन इंच रुंद घेतले होते. नकाशात तुम्हीच ते दाखवलं आहे. बूट काढताना निदान करतो म्हणे! मी एकदा एका यंत्राजवळ चार दिवस नुसता बसलो होतो. पाचव्या दिवशी एक खिळा काढला आणि घरी आलो.

जाळीशी चौदा अंश म्हणजे मशीन धडधाकट आहे, गॅस पुरेसा आहे आणि माझी इभ्रत शाबूत आहे. पदार्थ चांगला शिजतो आहे, पण पानात पुरेसा पडत नाही. का पडत नाही, एवढंच शोधायचं. त्याला दोनच कारणं. एक तर वाटेत सांडतो आहे, नाहीतर वाढणारा मधेच उठून जातो आहे.

वाटेत सांडतो का ते बघायला माळ्यावर जा. सकाळी सातच्या आत, नंतर तिथे भाजून निघाल. शिडी कोणाला तरी धरायला लावा. बॅटरी घ्या. डक्टचे सांधे हाताने चाचपून बघा, कुठे सुटलं आहे का, कुठे उंदराने वेष्टनाची लोकर ओढली आहे का.

आणि वाढणारा मधेच उठतो का, हे बघायला घड्याळ घेऊन बसा. मशीन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, दिवसभराचं लिहा. दुसऱ्या कोणाला मी हे सांगितलं नसतं. तुम्ही जन्माला आलात तेच मुळी तक्ते करायला.

तुमचा बहिरा मेहुणा

३ जून

दादा,

माळ्यावर जाऊन आलो. शिडी शेजारच्या बाईंनी धरली. सगळा वेळ त्या खालून "झालं का? झालं का?" असं विचारत होत्या. त्यामुळे लवकर झालं.

सांधे सगळे घट्ट आहेत. लोकर जागच्या जागी आहे. उंदीर नाही. कुठेही गळती नाही.

डक्टवरच्या वेष्टनावर पेन्सिलीने मापं लिहिलेली आहेत. तुमची असतील म्हणून पुढे सरकलो, मग सातचा आकडा दिसला. त्याला मधोमध आडवी रेघ आहे, ही काढायची तशी. तेव्हा आठवलं की तुम्ही वर टेप धरून माप सांगत होतात आणि ही तुमच्यामागे पेन्सिल घेऊन वाकून चालत होती. मी खाली कचेरीची कामं घेऊन बसलो होतो. पाच ठिकाणी तिचं अक्षर आहे. मी बॅटरी थोडा वेळ तिथेच धरून ठेवली.

आता तक्ता. कालचा पूर्ण दिवस, सकाळी आठ ते रात्री आठ. मशीन सत्तावीस वेळा सुरू झालं. प्रत्येक वेळी चार मिनिटं चाललं आणि बंद झालं. एकदा पाच मिनिटं. मग साधारण बावीस मिनिटं बंद. भर दुपारीही तेच, फरक नाही. सगळे आकडे मागच्या पानावर आहेत.

लेकीचा सध्या फोन नाही. एक निरोप होता, फ्लॅटचे फोटो पाठवले आहेत असा. चांगला आहे. मुलांना खेळायला गच्ची आहे.

तुमचा मेहुणा

७ जून

भाऊजी,

चार मिनिटं! सापडलं. म्हणजे काय आहे ते सापडलं नाही, पण कुठे आहे ते सापडलं.

नीट वाचा. मशीनला डोळे नसतात. घर गार झालं की नाही ते त्याला फक्त तुमच्या हॉलमधला थर्मोस्टॅट सांगतो. तो म्हणाला "झालं", की हे बंद. वर माणसं शिजत असली तरी त्याला पत्ता नाही. तर तुमचा थर्मोस्टॅट चार मिनिटांत "झालं" म्हणतो. भर जूनमध्ये, दुपारी तीनला.

मी तुमच्या नकाशासमोर खुर्ची टाकून बसलो. हॉल बावीस फूट लांब, चौदा फूट रुंद. थर्मोस्टॅट पूर्वेच्या भिंतीवर, त्याच्या डोक्यावर तीन फुटांवर जाळी. एवढा हॉल चार मिनिटांत चोवीसवर आणायचा तर बर्फाचा अख्खा कारखाना लागेल. चार मिनिटांत जे गार होतं ते हॉल नाही. ते मोठं कपाट असेल फार तर.

म्हणून विचारतो. त्या भिंतीपाशी, नकाशात नाही, असं काय आहे?

तुम्ही त्या मेकॅनिकला थर्मोस्टॅट बघू दिला नाहीत. मला पहिल्या पत्रापासून घरभराचं हवामान कळवलंत, पण तुम्ही स्वतः झोपता कुठे, ते एका शब्दाने लिहिलं नाहीत.

आता दुसरी गोष्ट. भाचीचं मला पत्र आलं आहे. ती लिहिते, "मामा, मी विषय काढला की बाबा वरचं तापमान सांगतात. मला वाटतं त्यांना आम्ही तिथे नको आहोत, आणि ते तोंडाने म्हणणार नाहीत." मी तिला उत्तर दिलेलं नाही. उत्तर तुमचं आहे. लेक घरात यायला हवी आहे की नको? हवी असेल तर दिवस थोडे उरले आहेत. नको असेल तर तसं सांगा आणि मला या वयात हिशोब मांडायला लावू नका.

तिसरी गोष्ट माझी. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलंत की बिघाड यंदाचा की आधीचा ते माहीत नाही. तेव्हापासून मला चैन नाही. माझ्या धाकट्या बहिणीला गेल्या उन्हाळ्यात खाली का आणलं? वर गार होत नव्हतं म्हणून? ती उकाड्यात होती का? मशीन मी बसवलं आहे. मला ते कळायला हवं. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही, तेव्हा प्रयत्न करू नका.

दादा

१० जून

दादा,

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

नाही. ती उकाड्यात नव्हती. तिला खाली आणलं ते जिना चढवत नव्हता म्हणून, आणि तिला दारातून कोण आलं-गेलं ते दिसायला हवं होतं म्हणून. खाट पूर्वेच्या भिंतीला लावली. औषधाने तिच्या अंगाची आग व्हायची. हातपाय गार आणि पाठ पेटलेली, असं ती सांगायची. हॉल मोठा, गारवा पसरून जायचा. तेव्हा तिनेच सुचवलं की खाटेभोवती पडदा लावा. छताला नळी ठोकून तिन्ही बाजूंनी जाड हिरवा पडदा सोडला, जमिनीपर्यंत. जाळी बरोबर आत आली. मशीन सुरू झालं की दोन-तीन मिनिटांत आत हुडहुडी भरायची. मी शाल घेऊन बसायचो. ती डोळे मिटून म्हणायची, "आता बरं वाटतं. दादाचं मशीन आलं." मशीन सुरू झालं असं ती कधी म्हणाली नाही. आलं म्हणायची. शेवटच्या आठवड्यातही म्हणाली. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

आता पहिला प्रश्न. नकाशात नाही, असं तिथे काय आहे. तो पडदा आहे.

नकाशात पक्कं बांधकाम दाखवायचं, हलणाऱ्या वस्तू दाखवायच्या नाहीत, असा आमच्या कचेरीचा नियम होता. चौतीस वर्षांत मी एकाही नकाशात पडदा काढलेला नाही. तुमच्यासाठी नकाशा काढला तेव्हा मनात हेच होतं. पण ते पूर्ण खरं नाही. त्या भिंतीची लांबी मोजायला मी पडद्याच्या आत गेलो होतो. आत खाट आहे, हेही मला दिसत होतं. मी तिथे झोपतो. तिच्याच खाटेवर. थर्मोस्टॅट उशीपासून हातभर अंतरावर आहे. ते चोवीस अंश हॉलचे नव्हते, माझ्या खाटेचे होते.

एवढं समोर असून मला ते दिसलं नाही, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही. माझ्या हाताखालच्या मुलाने असा नकाशा आणला असता तर मी परत पाठवला असता.

आणि दुसरा प्रश्न. लेक यायला हवी आहे. पहिल्यापासून हवी होती. पण ती यायची म्हटल्यावर मुलं हॉलमध्ये पळणार, कोणीतरी म्हणणार की हे मधे कशाला, आणि पडदा निघणार, हे मला दिसत होतं. मी नको म्हणालो नाही. वर गरम आहे म्हणालो, आणि ते खरंच होतं. रोज वर जाऊन तेहेतीस आकडा बघितला की मला थोडं हायसं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तुम्ही विचारलंत.

पत्र इथे थांबवतो. पडदा काढायला स्टूल लागेल.

११ जून, सकाळ

पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून पुढे लिहितो.

काल दुपारी दोन वाजता पडदा काढला. मशीन दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. चार मिनिटं झाली, बंद झालं नाही. मी खुर्ची घेऊन बसलो. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. शेजारच्या बाई काही मागायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "भिंतीकडे बघत काय बसलात?" मी म्हटलं, मशीन चालू आहे. त्या म्हणाल्या, "मग?" आणि गेल्या. ते चार वाजून पाच मिनिटांनी थांबलं. एक तास पंचावन्न मिनिटं. पाच वाजता वरच्या मोठ्या खोलीत अठ्ठावीस होते. स्वयंपाकघरही गार झालं होतं. शेगडीचा दोष नव्हता.

लगेच लेकीला फोन केला. बोलणं जसं झालं तसं लिहितो.

"बाबा? या वेळी कसा फोन?"

"वर गार झालं."

"किती?"

"अठ्ठावीस. आणखी उतरेल."

"काय बिघडलं होतं?"

"काही बिघडलं नव्हतं. आईचा पडदा होता."

ती म्हणाली, "मी मार्चमध्ये आले तेव्हा बघितला होता. म्हटलं, तुम्हाला काढावासा वाटेल तेव्हा काढाल."

"आज काढला."

"कोणी सांगितलं म्हणून?"

"मामांनी विचारलं. काढला मी."

"बाबा, आम्ही आलो की मुलं धिंगाणा घालतील. दोघंही सकाळी सहाला उठतात. तुम्हाला पेपर वाचता येणार नाही."

"घालू देत."

"मग फ्लॅटवाल्यांना काय सांगू?"

"नको म्हणून सांग," मी म्हटलं. "आजच सांग. पंधरा तारखेची वाट बघू नकोस."

आवाज जरा मोठाच निघाला असावा. ती हसायला लागली आणि मग रडायला लागली. मी फोन धरून थांबलो. दोन्ही संपल्यावर तिने पलंगांची मापं विचारली. ती मला पाठ होती.

तुमचा मेहुणा

१५ जून

भाऊजी,

पत्र वाचलं. अर्ध्यावर बायकोकडे दिलं आणि म्हटलं, पुढचं तू वाच, चष्मा सापडत नाही. चष्मा कपाळावरच होता. तिने तो बघितला आणि मोठ्याने वाचलं, माझ्या कानाशी तोंड आणून. धाकटी काय म्हणायची ते मी तिला दोनदा वाचायला लावलं.

आता पुढचं काम, कारण अठ्ठावीसवर थांबणारा मी नाही.

थर्मोस्टॅटच्या बाजूला पंख्याची एक कळ आहे. ती "ऑटो"वर असेल, ती "ऑन"वर करा. म्हणजे मशीन थांबलं तरी हवा फिरत राहील, खालचा गारवा वर जाईल आणि वरचा उकाडा खाली येऊन निवेल. मग खालच्या हॉलमधल्या दोन जाळ्यांच्या पट्ट्या अर्ध्या मिटा, तेवढा वारा वर जाईल. पश्चिमेच्या खिडकीला दुपारी कापड ओढा. खिडकीला, खाटेला नाही. दोन दिवसांत पंचवीस-सव्वीस मिळेल. मिळालं नाही तर मी स्वतः येतो आणि त्या मेकॅनिकलाही बोलावतो. त्याला पुढे बसवून शिकवतो.

आणि खाट वर न्या. मागच्या लहान खोलीत. ते काम भाचीवर ठेवू नका, ती यायच्या आत करा. माणूस जिथे झोपतो तिथलं तापमान त्याला खरं कळतं. तुम्ही खाली झोपून वरचे आकडे घेत होतात. तिथेच सगळी गफलत झाली.

भाचीला मी दोन ओळी लिहिल्या आहेत. "तुझा बाप मंद नाही, सावकाश आहे." बाकी तिचं तिला समजेल.

दादा

९ जुलै

दादा,

पत्राला उशीर झाला. यावेळी कारण आहे. लिहायला टेबल मिळत नाही.

तुम्ही सांगितलेली तिन्ही कामं सतरा जूनला केली. एकोणीसला वर पंचवीस अंश आणि एक रेघ, तिन्ही खोल्यांत. खाट वीस तारखेला वर नेली. ती सुटी करावी लागली, एकट्याने होईना, तेव्हा शेजारच्या बाईंचे यजमान आले. आम्ही जिन्यात दोनदा अडकलो. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री लागली.

मंडळी अठ्ठावीसला आली. ट्रकातून सामान उतरवून होण्याआधीच मुलांनी वरच्या तिन्ही खोल्या आपसांत वाटून घेतल्या होत्या. माझी खोलीही धाकट्याच्या वाट्याला गेली होती. "आजोबा, तुम्ही माझ्याकडे पाहुणे म्हणून राहा," असं त्याने मला सांगितलं. मी कबूल केलं. पुरळ अजून आलेलं नाही. पूर्वेच्या भिंतीपाशी आता जेवणाचं टेबल आहे. लेकीने तिथे ठेवायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी एका बाजूने टेबल उचललं.

घरात सध्या एकच भांडण आहे आणि ते तुमच्या मशीनवरून आहे. जावई वर कामाला बसतात, त्यांना चोवीस लागतं. लेक ड्यूटीवरून आली की हॉलमध्ये येऊन आधी सत्तावीस करते. "दिवसभर हॉस्पिटलात गारठले," म्हणते. ते वरून ओरडतात, "कोणी केलं?" मुलं एकमेकांची नावं सांगतात. मग ते खाली येऊन चोवीस करतात, ती पुन्हा सत्तावीस. मी तक्ता ठेवलेला नाही. ठेवला तर दोघंही साक्षीला बोलावतील.

काल संध्याकाळी असंच चाललं होतं. दोघं थर्मोस्टॅटसमोर उभी. जावई म्हणाले, "मत घेऊ या." लेक म्हणाली, "मत कसलं घेता? घर बाबांचं आहे," आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला किती हवं?"

दादा, गेल्या दोन महिन्यांत मी रोज कितीतरी वेळा तापमान पाहिलं आणि लिहून ठेवलं. मला किती हवं, ते मात्र मी कधी ठरवलं नव्हतं. तरी उत्तर लगेच आलं, विचारही करावा लागला नाही.

मी म्हटलं, सव्वीस.

कालपासून सव्वीसवर आहे. कोणी हात लावलेला नाही.